मागचं मला विचारा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. थांबा, भांग पाडायला पुढे सरकू नका. मी तसल्या कामाचा नाही. मी गाडीत असतो, समोरच्या काचेच्या वर, मधोमध. मागचा रस्ता दाखवणं हे माझं काम. मला एवढं एकच काम येतं आणि तेवढंही हे लोक मला धड करू देत नाहीत. म्हणून आज तुमच्यापुढे माझी कर्मकहाणी सांगायला बसलो आहे. बसलो कसला, लटकलो आहे!

माझा जन्म कारखान्यात झाला. एका मोठ्या काचेतून मला कापून काढलं, माझ्या कडा घासल्या, पाठीला चकचकीत मुलामा चढवला. शेवटी एका तपासनीस बाईंनी मला उजेडात धरून डावीकडून, उजवीकडून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "छान आहे हो हा. यात कुणाचं तोंड वाकडं दिसणार नाही." खरं सांगतो, त्या दिवशी मला आभाळ ठेंगणं झालं. आपण आता जगाला मागचं सगळं जसंच्या तसं दाखवणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

सुरुवातीची वर्षं फार चांगली गेली. आमचे मालक तेव्हा कुणाचे बाबा नव्हते. रोज सकाळी मऊ फडक्याने मला पुसायचे, दोन बोटांनी अलगद सरळ करायचे आणि मगच गाडी सुरू करायचे. एकदा उतारावर मागून एक ट्रक सुसाट येत होता. त्याचा ब्रेक लागत नव्हता. त्यांनी मला पाहिलं, म्हणजे माझ्यात त्याला पाहिलं, आणि गाडी झटकन कडेला घेतली. ट्रक शेजारून गेला आणि पुढच्या चढावर जाऊन थांबला. तेव्हा माझ्यावर हात ठेवून ते म्हणाले होते, "वाचवलंस रे!" शेजारी त्यांची नवी नवरी बसली होती. तीही माझ्याकडे बघून हसली. असं कौतुक नंतर माझ्या वाट्याला कधी आलं नाही.

कारण नंतर मुलं आली.

आधी ताई आली. मग भुंगा. त्याचं खरं नाव वेगळं आहे, पण दिवसभर तोंडाने घूं घूं चालू असतं म्हणून घरात सगळे त्याला भुंगाच म्हणतात. आणि शेवटी चिमणी. तिघांनी मिळून माझी पार रया घालवली. ताईने माझ्या कोपऱ्यात चांदणीचं स्टिकर लावलं. भुंग्याने मागून चेंडू मारून माझ्या कडेला तडा पाडला. माझ्या गळ्यात एक लोकरीचं माकड बांधलं गेलं, ते प्रत्येक वळणावर माझ्या तोंडावर आपटतं. फडकं तर मी विसरलोच. आता बिस्किटाची बोटं तेवढी फिरतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाबांनी मला वाकडं करायला सुरुवात केली. मागच्या सीटवर कोण कुणाला चिमटे काढतंय हे बघायला! अहो, मी रस्त्याचा आरसा की वर्गाचा मॉनिटर?

तर मित्रांनो, आता त्या प्रवासाचं ऐका. त्या दिवसाएवढा वैताग मला आयुष्यात आला नाही.

आईचे वडील, म्हणजे मुलांचे आजोबा, लांबच्या गावी राहतात. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अण्णांनी उभं आयुष्य पायी फिरून गावभर टपाल वाटलं. पण पावसाळ्यात ते घसरून पडले, आणि तेव्हापासून खोलीतल्या पलंगावरून त्यांना उठता येत नव्हतं. दारापर्यंतसुद्धा नाही. म्हणून आईने त्यांच्यासाठी चाकांची खुर्ची आणली होती. घडी करून, जुन्या चादरीत गुंडाळून तिने ती टपावर ठेवली आणि स्वतःच्या हाताने दोन दोऱ्यांनी आवळून बांधली. निघण्याआधी फोनवर तिने अण्णांना सांगितलं, "आज संध्याकाळी उजेड असतानाच मी तुम्हाला दारात नेऊन बसवते. शब्द देते."

दिवसभराचा रस्ता होता. आणि गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत भुंग्याने विचारलं, "आलं का गाव?"

त्यानंतर त्याने ते किती वेळा विचारलं हे मला विचारू नका. माझे कान किटले, आणि मला तर कानही नाहीत. ताईला खिडकी हवी होती. एका खिडकीत भुंगा होता आणि दुसरी चिमणीकडे होती, कारण तिची लहान मुलांची सीट तिथे बांधलेली होती, तीही मागे तोंड करून. बाबांना गाणी लावायची होती, ताईला दुसरीच लावायची होती. भुंग्याला तहान लागली. पाणी प्यायल्यावर त्याला दुसरीकडे जायचं होतं. गाडी थांबवली तर म्हणाला, "आता नाही." गाडी सुटली तर म्हणाला, "आता!" मध्येच ताईला मळमळलं आणि जे व्हायचं ते बाबांच्या नव्या पिशवीत झालं.

या सगळ्यात चिमणी मात्र मजेत होती. मागच्या काचेतून जे जे मागे पडेल त्याला ती हात हलवून निरोप द्यायची. "झाड टाटा! कुत्रा टाटा! काकू टाटा!" आधी सगळ्यांना कौतुक वाटलं. मग कुणी लक्ष देईना. शेवटी ताई चिडून तिच्या आवाजाची नक्कल करायला लागली.

दुपारी जेवायला थांबलो. आई रात्रभर बांधाबांध करून दमली होती. चिमणीला दूध पाजून ती पुढच्या सीटवर बसली आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. बाबा जरा पाय मोकळे करत होते, तेवढ्यात मागे युद्ध पेटलं.

"हिचा पाय माझ्या जागेत आला!"

"ह्याचंच ढोपर माझ्या जागेत आलं, बाबा!"

"हळू! आई झोपलीय," बाबा दबक्या आवाजात ओरडले. दबक्या आवाजात ओरडणं काय असतं ते तीन मुलांच्या बापालाच माहीत. मग त्यांच्या डोक्यात एक कल्पना आली. मी वरून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, नको रे बाबा, नको. पण माझं कोण ऐकतं? त्यांनी टपावरच्या दोन दोऱ्यांपैकी एक सोडली, पुढच्या सीटपासून मागच्या सीटपर्यंत ताणून बांधली आणि तिच्यावर टॉवेल वाळत घातला. झाली सरहद्द. अलीकडे ताई, पलीकडे भुंगा.

ताईने विचारलं, "बाबा, पण वरची खुर्ची?"

"एक दोरी आहे की अजून. ती काय उडून जाणारेय?"

एवढं करून ते थांबले नाहीत. सरहद्दीवर पहारा हवा म्हणून त्यांनी मला धरलं आणि कचकन खाली, आतल्या बाजूला वळवलं. आता माझ्यात दिसत काय होतं? भुंग्याचं नाक, टॉवेल आणि ताईची अर्धी वेणी. मागचा रस्ता पार गेला. दाराबाहेर आणखी दोन आरसे आहेत म्हणा, पण ते आपापली बाजू बघतात. मधोमध मागे बघणारा मी एकटा, आणि मला नाक बघायला बसवलं होतं. माझा असा संताप झाला म्हणून सांगू!

पुढे रस्ता खराब लागला. गाडी धडधडू लागली. टपावर काहीतरी खडखडलं, घसरलं. पण आत भुंगा घूं घूं करत होता, बाबांनी गाणी मोठ्याने लावली होती, आणि आई त्या गोंधळातही गाढ झोपली होती. ऐकलं कुणीच नाही.

फक्त चिमणीचा आवाज आला. "खुर्ची टाटा!"

"हो हो, टाटा," बाबा म्हणाले.

"खुर्ची टाटा! बाबा, खुर्ची टाटा!"

"सगळ्यांना टाटा. आता झोप बरं."

मित्रांनो, मला तोंड असतं तर त्या क्षणी मी बोंब मारली असती. गाडीतलं एकच माणूस मागे बघत होतं, आणि त्याला आम्ही झोप म्हणून सांगत होतो.

ऊन कलायला लागलं तेव्हा पेट्रोल भरायला थांबलो. पंपावरच्या माणसाने टपाकडे बोट दाखवलं. "साहेब, वर दोरी लोंबतेय बघा."

आईला जाग आली. ती खाली उतरली. टपावर पिशव्या होत्या, एक सैल दोरी होती, आणि खुर्ची नव्हती. तिने दोरी हातात घेतली. मग वाकून गाडीत पाहिलं. सरहद्द दिसली. टॉवेल दिसला.

"दुसरी दोरी तू सोडलीस?"

"अगं, ही मुलं... मला वाटलं एक पुरेल..."

नेमका तेव्हाच फोन वाजला. अण्णांजवळ राहणारी मुलांची मामी होती. तिचा आवाज गाडीभर ऐकू आला. "वन्सं, कुठपर्यंत आलात? अण्णांनी न्हाव्याला बोलावून दाढी करून घेतली. धुतलेला सदरा घालून बसलेत. सारखे विचारतात, उजेड आहे ना अजून?"

"येतो, वहिनी," एवढंच म्हणून आईने फोन ठेवला आणि ती तिथेच गाडीला टेकून रडू लागली. "चार महिने त्यांनी दार पाहिलेलं नाही रे. मी शब्द दिलाय त्यांना. आता काय तोंड दाखवू?" भुंग्याची घूं घूं बंद पडली. बाबा खाली मान घालून उभे राहिले. मलाही फार वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, वाईटापेक्षा राग जास्त आला होता.

तेवढ्यात ताई हळूच म्हणाली, "आई, चिमणीने सांगितलं होतं. ती खुर्ची टाटा म्हणाली होती. घरी आठवडाभर तीच बसत होती ना त्या खुर्चीत. चादर सुटली असेल, तिने ओळखली."

"कुठे? कुठे म्हणाली?"

ताईने डोळे मिटले. दिवसभर नक्कल करून करून तिला ते सगळं पाठच झालं होतं. "आधी पाण्याची टाकी टाटा. मग खुर्ची टाटा. मग बकऱ्या टाटा. मग पूल टाटा."

"म्हणजे पुलाच्या मागे," आई म्हणाली. तिने डोळे पुसले आणि बाबांपुढे हात केला. "किल्ली दे. मी चालवते."

ती माझ्यासमोर बसली. आणि मित्रांनो, सगळ्यात आधी तिने काय केलं असेल? माझ्या गळ्यातलं माकड काढून भुंग्याच्या मांडीवर टाकलं, ओढणीने मला स्वच्छ पुसलं आणि सरळ केलं. किती दिवसांनी मला रस्ता दिसला! मग तिने गाडी वळवली.

पूल गेला. बकऱ्या दिसल्या. आणि बकऱ्यांच्या शेजारी, झाडाच्या सावलीत, अण्णांची खुर्ची होती. घडी उलगडलेली, ऐटीत उभी. तिच्यात बकऱ्या राखणाऱ्या एक म्हाताऱ्या आजीबाई पाय पसरून बसल्या होत्या.

"तुमची होय?" त्या निवांत म्हणाल्या. "रस्त्यात पडली होती. मी म्हटलं, देवाला माझे गुडघे दिसले वाटतं."

आईला रडता रडता हसू आलं. तिने त्यांचे हात धरले. "आमच्या अण्णांची आहे हो. ते वाट बघताहेत."

"मग घेऊन जा बाई, उजेड चाललाय," असं म्हणत त्या कण्हत कण्हत उठल्या. जाताना खुर्चीच्या पाठीवर त्यांनी एक हात फिरवला. खुर्चीचं पाय ठेवायचं एक पान वाकलं होतं, दांडीवरचा रंग खरवडला होता, पण चाकं फिरत होती. सरहद्द उठली. आईने दोन्ही दोऱ्या स्वतः बांधल्या, आणि पुढच्या साऱ्या रस्त्यात ताईचा पाय भुंग्याच्या जागेत होता तरी कुणी चकार शब्द काढला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा उजेड नव्हता. दिवे लागून गेले होते. अण्णा धुतलेल्या सदऱ्यात बसल्या बसल्या झोपले होते, असं आई रात्री गाडीतल्या पिशव्या काढताना बाबांना म्हणाली. दुसरं काहीच बोलली नाही. मला वाटतं, ती चार वाक्यं ओरडली असती तर बाबांना बरं वाटलं असतं.

परतायच्या सकाळी बाबा गाडीत बसले. त्यांनी मला दोन बोटांनी अलगद सरळ केलं, अगदी पहिल्या वर्षांसारखं. मुलं बसली. लगेच भुंग्याने विचारलं, "आलं का घर?" मी मनात कपाळावर हात मारला. आता परत दिवसभर हेच!

गाडी सुटली, आणि मागे बघत चिमणी ओरडली, "अण्णा टाटा!"

या वेळी बाबांनी तिला झोप म्हटलं नाही. त्यांनी गाडी थांबवली आणि माझ्याकडे पाहिलं. दारात, वाकड्या पानाच्या खुर्चीत, अण्णा बसले होते. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात जाऊन हाका मारल्या, तो आपल्या दारात, उन्हात बसून आमच्याकडे हात हलवत होता. आईने माझ्यात पाहिलं आणि बराच वेळ नजर हलवली नाही. मीही काच जराशी हलू दिली नाही. चांदणीचं स्टिकर मध्ये येत होतं, तेवढं सोडलं तर अण्णा जसेच्या तसे दिसत होते.

मित्रांनो, आता माझी कड तडकली आहे आणि मुलामाही उडत चालला आहे. लवकरच माझ्या जागी कुणी नवा येईल. त्याला पुसा, त्याच्या गळ्यात माकडं बांधू नका आणि त्याला नाकं मोजायला लावू नका. आणि गाडीत मागे तोंड करून बसलेलं कुणी लहान माणूस एकच गोष्ट दोनदा सांगत असेल, तर गाणी बंद करा, गाडी कडेला घ्या, आणि काय गेलं ते त्याला विचारा.