चौथी गाडी

मोनालीने इंजिनाखाली तळहात धरला. तेलाचा एक थेंब पडला, मग दुसरा, आणि मग बारीक धारच लागली. हात पँटला पुसून तिने मोटरसायकल डाव्या बाजूला कलती केली, तेव्हा गळायचं थांबलं.

"किती फुटलंय?" दत्तोबातात्याने विचारलं. तो तिचा चुलता. वारज्यात त्याचा विटा-वाळूचा धंदा होता, आणि शर्यत असली की त्याच्या छोट्या टेम्पोतून मोनालीची गाडी यायची.

"आरपार गेलंय. बोट जातंय फटीत."

"आन् तुझं कोपर?"

"कोपराला काय होतंय."

हिंजवडीच्या पुढे माणच्या बाजूला एका मोकळ्या माळावर मातीचा ट्रॅक केला होता. शनिवारच्या सरावात, मधल्या मोठ्या उंचवट्यावरून उडी मारताना मोनालीचं पुढचं चाक आडवं झालं आणि गाडी उजव्या कुशीवर एका दगडावर आपटली. क्लच झाकणारं ॲल्युमिनियमचं कव्हर फुटलं. बाकी गाडी शाबूत होती. कव्हर नाही तर तेल नाही, आणि तेल नाही तर गाडी नाही. शर्यत उद्या साडेअकराला होती.

हंगामातला हा पाचवा आणि शेवटचा टप्पा. मुलींच्या गटात मोनाली दोन गुणांनी पुढे होती. तिच्या मागे नाशिकची केतकी. उद्या दोघींपैकी जी पुढे येईल, हंगामाची ढाल तिची. ढाल जिंकणाऱ्या मुलीला पुढच्या वर्षी एक टीम स्वतःची गाडी देणार होती. गाडी, मेकॅनिक, प्रवास, सगळं. मोनाली एरवी वारज्यात बायकांना स्कूटर शिकवायची. हातातली ही गाडी तिसऱ्या हाताची होती आणि अजून एक हंगाम काढेल असं कोणालाच वाटत नव्हतं. मोनालीलाही नाही.

"चल," तात्या म्हणाला. "नाना पेठेत मिळंल."

नाना पेठेत पोचायला दीड वाजला. कोपराला रुमाल गुंडाळून मोनालीने सात दुकानं पालथी घातली. एका दुकानात कव्हर होतं, पण नव्या मॉडेलचं. शेवटच्या दुकानातल्या गृहस्थांनी वर न बघता सांगितलं,

"मंगळवारी येईल."

"उद्या रेस आहे हो काका."

"मग रेस मंगळवारी ठेवा."

तात्या काहीतरी बोलणार होता. मोनालीने त्याच्या दंडाला धरून त्याला पायरीवरून खाली उतरवलं. दुकानातल्या मुनीमजींना मात्र दया आली असावी. बिबवेवाडीत मच्छिंद्र मेस्त्री म्हणून आहेत, त्यांच्याकडे हे जुनं मॉडेल असायचं, विचारून बघा, असं त्यांनी सांगितलं.

मेस्त्रीचं गॅरेज एका इमारतीच्या तळमजल्यावर होतं. समोरची गल्ली इतकी अरुंद की टेम्पो उभा केला तर रिक्षाही जाईना. दोघांनी मिळून गाडी उतरवली आणि तात्या टेम्पो लावायला जागा शोधत निघून गेला. जाताना म्हणाला, भजीबिजी काय मिळतंय ते बघतो, सकाळपासून पोटात काही नाही.

मच्छिंद्र मेस्त्री पन्नाशीचा, सडपातळ माणूस होता. त्याने फुटलेल्या कव्हरवरून अंगठा फिरवला.

"वेल्डिंग करून टिकेल का?" मोनालीने विचारलं.

"घरी जाण्यापुरतं टिकेल. रेसला नाही."

मग तो आत गेला आणि एक काळी गाडी ढकलत घेऊन आला. तेच मॉडेल. आरसे जागेवर होते, सीटवर रेक्झिनचं नवं कव्हर होतं.

"ही कोणाची?"

"माझीच. सोमवारी कव्हर परत आणून द्या. दोन दिवस बसने जाईन. कव्हरखालचं पॅकिंग मात्र नवीन टाकू, जुनं फाटणार."

त्याने काळ्या गाडीतलं तेल काढून घेतलं आणि स्क्रू सोडवायला घेतले. मोनाली समोर उकिडवी बसली. तिच्या हातात एक पत्र्याची वाटी होती. मेस्त्री स्क्रू काढून तीत टाकत होता. सात-आठ झाले असतील, तेवढ्यात तिचा फोन वाजला. हात तेलकट होते म्हणून तिने करंगळीने स्पीकर लावला आणि फोन स्टुलावर ठेवला.

"मोनाली, श्रीधर बोलतोय." शर्यतीचे सचिव. आवाज नेहमीसारखा कोरडा. "गाडीचं काय?"

"कव्हर बघतोय सर."

"मिळालं?"

मोनालीने मेस्त्रीकडे पाहिलं. "बघतोय," ती पुन्हा म्हणाली.

"बरं, ऐक. नियमावली तू वाचलेली नसणार, कोणीच वाचत नाही. कलम अकरा. गटातल्या किमान चार गाड्या सुरुवातीच्या रेषेवर हव्यात. नसतील तर तो गट रद्द आणि गुण आहेत तसे कायम. तुमच्या गटात चारच नावं आहेत. तू नसलीस तर तीन उरतात."

"म्हणजे?"

"म्हणजे ढाल तुझी. अभिनंदन करत नाहीये, नियम सांगतोय. सहापर्यंत मला कळव. वेळापत्रक छापायचंय."

फोन बंद झाला. गल्लीतून कोणीतरी पाण्याचा जार घेऊन गेलं. मेस्त्रीने स्क्रूड्रायव्हर मांडीवर ठेवला आणि कानामागची विडी काढून पुन्हा कानामागेच अडकवली.

मोनाली वाटीतल्या स्क्रूंकडे बघत राहिली. पहिला टप्पा तिने जिंकला होता खरा, पण तेव्हा चिखलात केतकीची चेन निसटली होती. नंतरच्या तीन टप्प्यांत केतकी दोनदा पहिली आली. बाकी गुण असेच, दुसऱ्या-तिसऱ्या नंबरचे, साठलेले.

"ताई," मेस्त्री म्हणाला, "दोन राहिलेत. काढू?"

तिने वाटी पुढे केली.

तात्या कागदात भजी घेऊन आला, तेव्हा कव्हर बसलं होतं आणि मेस्त्री तेल ओतत होता. तात्याने दोन्ही हात जोडले.

"देवासारखे भेटलात बघा."

मेस्त्रीने मोनालीकडे पाहिलं. एक भजं उचलून त्याने तोंडात टाकलं.

टेम्पो कात्रजकडून बायपासला लागला, तेव्हा पावणेसहा झाले होते. मोनालीने मेसेज लिहिला, 'गाडी तयार आहे.' पाठवण्याआधी तो दोनदा वाचला. उत्तर लगेच आलं, 'ठीक.'

घरी तिच्या आईने, प्रेमलाने, कोपर गरम पाण्याने पुसून हळद लावली. "झालं ना आता हे शेवटचं?" तिने विचारलं. दर वर्षी विचारायची. मोनाली म्हणाली, "बघू." वडील टीव्हीवरून नजर न हलवता म्हणाले, "जेवून घे."

रविवारी सकाळी ट्रॅकवर पोचल्यावर मोनालीला केतकी दिसली. ती आणि तिचे वडील पिकअपमधून गाडी उतरवत होते. गाडी दोरांनी घट्ट बांधलेली होती आणि गाठी सुटता सुटत नव्हत्या. तिथून जाताना मोनालीने मागचं चाक धरून हात दिला.

"काल भरून ठेवली होती," केतकी म्हणाली. "सर म्हणाले, बहुतेक होणार नाही."

"हं."

"सकाळी नाश्ता करून नाशिकला निघणार होतो. मग म्हणाले, होणार आहे."

केतकीला अजून काहीतरी विचारायचं होतं, असं दिसलं. पण तिने दोर गुंडाळायला घेतला, आणि मोनाली पुढे निघून गेली.

साडेअकराला चार गाड्या रेषेवर आल्या. मोनाली, केतकी, सोलापूरची एक शांत मुलगी आणि साताऱ्याची पूर्वा. पूर्वाची ही पहिलीच शर्यत होती. तिचे वडील, एसटीतले कंडक्टर, रेषेबाहेर उभे राहून सारखे "सावकाश, सावकाश" म्हणत होते, शेवटी श्रीधर सरांनी त्यांना सांगितलं, "अहो, ही शर्यत आहे."

निशाण पडलं. मोनाली पहिल्या वळणावर सगळ्यांच्या पुढे होती. मोठा उंचवटा आला. तिथे तिने नकळत गॅस थोडा सोडला, उडी आखूड पडली, मागचं चाक माथ्याच्या कडेला घासलं. गाडी सरळ राहिली. दुसऱ्या फेरीत तिने गॅस सोडला नाही. मेस्त्रीचं कव्हर पायाला लागत होतं, गरम.

तिसऱ्या फेरीत केतकी डावीकडून आत शिरली आणि पुढे गेली. त्यानंतर पाच फेऱ्या मोनाली तिच्या मागे होती, कधी दोन गाड्यांच्या अंतरावर, कधी तिच्या चाकाची माती चष्म्यावर येईल इतकी जवळ. शेवटच्या फेरीत, पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर केतकी किंचित बाहेर गेली. मोनालीने गाडी आत घेतली, मग पुन्हा बाहेर घेतली. दोघी पाठोपाठ रेषा ओलांडून गेल्या. केतकी पहिली, मोनाली दुसरी. पूर्वा खूप उशिराने आली, तेव्हा तिचे वडील रडत होते.

हेल्मेट काढल्यावर केतकी थेट मोनालीकडे आली. तिने हात पुढे केला. मोनालीने हातमोजा काढून हात मिळवला. मग टीमचा माणूस केतकीला फोटोसाठी घेऊन गेला.

बक्षीस समारंभ लांबला. पाहुणे बोलले, मग दुसरे पाहुणे बोलले. मंडपाच्या मागे उभ्या असलेल्या तात्याशी श्रीधर सर बराच वेळ काहीतरी बोलताना मोनालीला दिसले. तात्या ऐकत होता. एकदा त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली.

दोघं परत निघाले. हिंजवडीच्या चौकात रविवार असूनही गाड्या तुंबल्या होत्या. बाणेर मागे पडलं. पाषाणची टेकडी आली. मोनाली कोपरावरची पट्टी सारखी करत बसली होती.

"सरांनी सांगितलं मला," तात्या शेवटी म्हणाला. "तुला कालच ठावं व्हतं?"

"हो."

"मी टेम्पो लावाय गेलो तवा?"

"हो."

त्याने गिअर बदलला. चांदणी चौकाच्या चढाला टेम्पो घुरघुरायला लागला. पुढे एक ट्रक होता, त्याच्या मागे मागे ते चढत राहिले. मोनाली खिडकीतून बाहेर बघत होती. तात्या रागावला की त्याचा जबडा हलायचा. आत्ता हलत होता.

"टाकीपाशी," तो म्हणाला, "ती बाहेर गेली व्हती."

मोनालीने मान वळवली.

"आत जागा व्हती. तू का न्हाई घुसली?"

"नव्हती जागा."

"व्हती की. मी तिथंच हुबा व्हतो, कठड्याला लागून."

"तात्या, आत चाकोरी पडली होती. खोल. पुढचं चाक तीत गेलं असतं तर दोघी पडलो असतो."

"तुला वाटलं तसं. एक गाडी आरामात गेली असती."

"नसती गेली."

"गेली असती."

"अहो, तुम्ही कठड्यावरून बघत होता!" ती एकदम वळून बसली. तिने डॅशबोर्डवरच्या धुळीत बोटाने वळण काढलं, त्यात चाकोरी काढली, केतकीची गाडी, आपली गाडी. "ही बघा. ही टाकी. मी इथं आहे."

तात्याने रस्त्यावरची नजर क्षणभर खाली आणली.

"टाकी तिथं न्हाई," तो म्हणाला. "जरा अल्याड घे."

मोनालीने तळहाताने ते पुसलं आणि नव्याने काढायला घेतलं.