चहाच्या बरणीतली साखर

कावेरीचं पत्र आलं त्यानंतर दिवाळी गेली, संक्रांत गेली, युगादीचा कडुनिंब-गूळही खाऊन झाला. पद्मनाभरावांनी मात्र उत्तर लिहिलं नाही. मुलगी निपाणीकडची. बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत काम करायची. जपून जपून, शाळेतल्यासारख्या मराठीत तिनं एकच प्रश्न विचारला होता : 'सर, तुमच्या पद्धतीनं केलेले कण सुकवले की त्यांचा गोळा होतो. पुन्हा पाण्यात सुटत नाहीत. सुकवण्याआधी आपण त्यात काही मिसळत होता का? शोधनिबंधात तसं लिहिलेलं नाही, म्हणून विचारते.'

मिसळत होते. तीच तर पंचाईत होती.

हे कण म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म दाणे. त्यांच्याभोवती शरीरात आपसूक विरून जाणारं कवच, ऑपरेशनानंतर आतले टाके विरतात तसं. कवचात औषध भरायचं, कण रक्तात सोडायचे आणि जिथे गाठ असेल तिथे बाहेरून लोहचुंबक धरायचं. औषध तिथेच थबकतं, बाकीच्या अंगाचे हाल वाचतात. पण त्यासाठी कण सुटे हवेत. गोळा झाला तर केसाहून बारीक रक्तवाहिनीत बूच बसायचं.

पद्मनाभराव नोकरीत होते तेव्हा त्यांचेही गोळेच व्हायचे. मग एकदा आयुधपूजा आली. कण तयार, आणि सुकवायच्या यंत्राला हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून सगळे मोकळे झालेले. दाराशी कोहळा फोडलेला. दसरा उलटेपर्यंत यंत्राचं बटण दाबायची कुणाची प्राज्ञा नव्हती. पाण्यात ठेवावे तर कवच विरायला लागणार. नुसते गोठवावेत तर बर्फ त्यांना एकमेकांवर दाबणार. साखर मध्ये उभी राहील, असं त्यांना वाटलं. रसायनांच्या कपाटालाही पूजेचं कुलूप. शेवटी चहाच्या बरणीतली साखर चमच्यानं ढवळून त्यांनी बाटल्या गोठवून टाकल्या. सणानंतर त्या सुकवल्या, पाणी घातलं, आणि कण असे सुटे झाले की जणू आत्ताच केले!

त्यानंतर प्रत्येक वेळी त्यांनी साखर घातली. निबंधात मात्र लिहिली नाही. चहाची साखर म्हटलं की लोक हसतील. आधी शुद्ध साखर घेऊन रीतसर करून पाहू, मग लिहू, असं म्हणेपर्यंत वरिष्ठांनी निबंध धाडूनही दिला. साखरेमुळेच जमलं हे तरी कुठे सिद्ध केलं होतं? ते गप्प बसले. पुढे तो निबंध नावाजला गेला तो नेमका 'काहीही न मिसळता' या गुणासाठी.

चैत्र सरता सरता देवनहळ्ळीजवळच्या एका संस्थेनं त्यांचा सत्कार ठेवला. तोही त्याच निबंधासाठी. नाही म्हणायचं धाडस त्यांच्यात कधीच नव्हतं. शाल, फळांची करंडी, डोक्यावर म्हैसूर पेटा असे ते पहिल्या रांगेत बसले. पेटा सैल होता, सारखा भुवयांवर उतरत होता.

मग प्रात्यक्षिकाला एक सडसडीत मुलगी उभी राहिली. पडद्यावर नाव आलं : कावेरी. या वेळी पद्मनाभरावांनी उतरलेला पेटा वर सारला नाही.

तिनं भुकटीत पाणी घातलं, बाटली हलवली. तळाशी तपकिरी खडे तसेच राहिले. चुंबक लावलं तेव्हा सगळे एकगठ्ठा काचेला चिकटले.

तिचे मार्गदर्शक योगीराज सर सभेकडे वळून म्हणाले, "बघा, सरांनी अमृत केलं, आमच्या कावेरीनं भजी तळली!"

सभा हसली.

"सर, थोडी साखर घालून बघू का, मी मागेही..."

"निबंधात आहे साखर? नाही ना? मग पद्धत बिघडवू नकोस, हात सुधार. पुढच्या महिन्यापासून हे काम दुसऱ्या कुणाला देतो. तू नोंदी सांभाळ." आणि ते अदबीनं पद्मनाभरावांकडे झुकले. "तुम्हीच सांगा हिला, सर. तुम्ही घालत होता काही?"

आता उठायचं, एवढंच काम होतं. पद्मनाभरावांनी पेटा सावरला. घसा खाकरला. आणि मान हलवली. नाही.

चहाच्या वेळी ती स्वतः कप घेऊन आली. डोळे लाल, तरी बोलण्यात गोडवा.

"सर, साखर स्वल्प घालू की जास्त?"

"नको," ते घाईनं म्हणाले. "नकोच."

"मी तुम्हाला पत्र पाठवलं होतं. मिळालं नसेल."

"पोस्टाचं काय सांगावं, बाळ. हल्ली..."

"खरंय. आमच्या निपाणीला तर लग्नपत्रिका बारशाला पोचते." ती हसली. "राहू दे, सर. आता उत्तर मिळालंच. तुमची पद्धत बरोबर आहे. माझ्याच हाताला गुण नाही. आई म्हणायची, हिच्या हातचं दहीसुद्धा लागत नाही."

ते तिच्या हातांकडे पाहत राहिले. बोटं रसायनांनी खरखरीत झालेली. त्यांची स्वतःची तशीच होती एके काळी.

जे. पी. नगरला घरी पोचले तेव्हा सून मुग्धा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. "काय बाबा, पेटा घालून मीटिंगला बसू का मी? बॉस तरी घाबरेल." ते हसले नाहीत तसा तिनं लॅपटॉप मिटला. "काय झालं?"

त्यांनी सांगितलं. चहाची बरणी, मान हलवणं, सगळं. शेवटी पोस्टाचं.

मुग्धानं लॅपटॉप बाजूला ठेवला. "ते पत्र मीच तुमच्या हातात दिलं होतं, बाबा."

"हो."

"आणि तिला कामावरून काढतायत?"

"कामावरून नाही. त्या कामावरून."

"ते जास्त वाईट," मुग्धा म्हणाली. "ईमेल करा. आत्ता. मी टाइप करते."

"नको. पोस्टावर आळ घेतलाय मी. पोस्टानंच जाऊ दे."

त्यांनी लिहायला घेतलं. पहिल्या कागदावर प्रस्तावनाच फार झाली. स्वतःची कीव करणारी चार वाक्यं दिसली, तो फाडला. दुसऱ्यावर थोडंच लिहिलं :

'चि. कावेरी, तुझं पत्र मला वेळेवर मिळालं होतं. पोस्टाचा काही दोष नाही. आम्ही साखर मिसळत होतो, चहाच्या बरणीतली. किती, ते आठवतं तसं खाली दिलं आहे. खात्री नाही, तू नीट मोजून ठरव. सभेत मी खोटी मान हलवली. निबंधातली चूक माझी आहे, तुझ्या हाताची नाही. हे पत्र योगीराज सरांना दाखव. त्यांना आणि त्या नियतकालिकाच्या संपादकांनाही मी हेच वेगळं कळवतो आहे.'

सकाळी तीन पाकिटं घेऊन ते पोस्टात गेले. खिडकीतल्या बाईंनी वजन केलं, शिक्का मारला, आणि पाकिटं मागच्या पिशवीत टाकली. तेवढ्यात त्यांना वाटलं, 'खोटी मान' जरा बोचरंच झालं. 'चुकून' लिहिलं असतं तर?

"अम्मा, ते एक जरा परत..."

बाईंनी पिशवीचं तोंड आवळून दोरी बांधली. "होयतु, सार," त्या म्हणाल्या. "गेलं ते."

पद्मनाभरावांनी पावती घडी करून खिशात ठेवली आणि मागच्या माणसाला वाट दिली.