बुझियानच्या वाफ्याचे पाणी

मित्रांनो, मिमूनच्या घरामागच्या भिंतीला टेकलेले ते जुने फावडे म्हणजे मी. कुणी वळून पाहावे असे माझ्यात आता काही उरलेले नाही. पाते झिजून निम्मे झाले आहे आणि दांड्याला चिरा गेल्या आहेत. पण थांबलाच आहात तर ऐका. हे सांगितल्यावाचून मला चैन पडायचे नाही.

मंगळवारच्या बाजारात एका लोहाराने मला घडवले. मोडक्या ट्रकच्या कमानीचा पाटा भट्टीत लाल करून त्याने असा बडवला, की आठवले तरी माझे पाते झिणझिणते. मग रानटी ऑलिव्हचा दांडा बसवला. मिमूनने मला विकत घेतले, खांद्यावर टाकले आणि समुद्राजवळच्या रिफ नावाच्या डोंगरातल्या आमच्या गावी आणले. तेव्हा तो नुकतेच लग्न झालेला दांडगा गडी होता.

आमच्याकडे गांजा पिकतो. आमची माणसे त्याला किफ म्हणतात. पूर्वी हे पीक भीत भीत काढत. शिपाई दिसला की गाव चिडीचूप व्हायचे. आता औषधांसाठी सरकारी परवाना मिळतो. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांचे वाफे आहेत आणि वरच्या झऱ्याचा पाट पाळीपाळीने घराघराला मिळतो. पाळी आली की पाट फोडायचा, एक वाफा भरला की तिथले दार बुजवून पुढचे उघडायचे. हे दारे धरण्याचे काम माझे. "दारं धरावीत तर मिमूननं," असे लोक म्हणायचे आणि मी उगाच फुशारायचो. स्तुती त्याची होती, पण चिखलात तोंड तर माझे बुडायचे ना!

पुढे मिमूनचा मुलगा बुझियान हाताशी आला आणि मी त्याच्याकडे गेलो. तो भलता उतावळा. मागचे दार बुजवायच्या आधीच पुढचे उघडायचा आणि सगळे पाणी त्याच्याच पायांत जमायचे. मिमून ओरडायचा, "अरे, पाणी आहे ते! बकऱ्या हाकतोयस का?" मला मात्र तो पोरगा आवडायचा. काम करताना तो माझ्याशी गप्पा मारायचा. मिमून कधी एक शब्द बोलला नव्हता.

गेल्या वर्षी मिमूनने खालचा वाफा त्याला तोडून दिला. रोपे बुझियानने स्वतः लावली, फुलांत बी धरू नये म्हणून नर झाडे वेळेवर उपटली. झाडे खांद्याला लागली, कळ्या धरू लागल्या, आणि एके सकाळी तो म्हणाला, "आई, मी समुद्रापलीकडं जातो. तिकडं काम मिळतंय."

त्याची आई ममत जवाची भाकरी थापत होती. ती म्हणाली, "आणि तुझं पीक कोण काढणार?"

"मीच की. कापणीच्या आत येतो. मी आल्याशिवाय माझ्या वाफ्याला विळा लावायचा नाही, सांगून ठेवतो!"

तो हसला, मला भिंतीला टेकवले आणि गेला.

तो ज्या होडीत बसला ती पलीकडच्या काठाला लागली नाही. इकडेही परतली नाही. त्याचा फोन लागेना. तो आहे असे सांगणारे कुणी भेटले नाही आणि गेला असे सांगणारेही कुणी भेटले नाही.

इकडे फुले भरत आली. मित्रांनो, या पिकाचे शेवटचे दिवस फार जपून काढावे लागतात. फूल फुगेपर्यंत शेळीच्या लेंड्या भिजवलेले पाणी द्यायचे. फुलाचे पांढरे केस तांबूस होऊ लागले की खत बंद. मग नुसते साधे पाणी, तेही माती सुकल्यावर. आणि कापणी जवळ आली की तेही तोडायचे. झाड मग आपल्याच पानांतले सत्त्व ओढून घेते, पाने पिवळी पडतात आणि फुलात चीक भरतो. हे तंत्र मिमूनला तोंडपाठ होते. त्याने खत थांबवले.

"आता झाडांना काही खायला घालायचं नाही," तो म्हणाला.

"उपाशी ठेवायचं?" ममतने विचारले.

"दरवर्षी ठेवतो. यंदाच काय नवीन?"

पण पोराच्या पोटात काही गेले की नाही हे जिला ठाऊक नाही, ती त्याच्या झाडांना उपाशी कशी ठेवणार?

गाव दुपारी आडवे झाले की ती बुझियानचे जुने रबरी बूट पायांत चढवी आणि मला घेऊन खालच्या वाफ्यात जाई. पाटाला बोटभर फट पाडी, लेंड्यांचे पाणी बुंध्याशी ओती. बाकीचे वाफे पिवळे पडत गेले. त्याचा वाफा तेवढा हिरवागार राहिला. कापणीच्या आत येतो म्हणाला होता ना? मग ती कापणीच येऊ देणार नव्हती.

पाटातले पाणी असे मध्येच मुरल्यामुळे खालच्या शेजाऱ्याला, हद्दूला कमी पडू लागले. हद्दू तोंडाचा फटकळ, पण मनाचा भित्रा. तो भांडायलाच आला आणि बांधावर थबकला. वाफा ओला आणि माणूस कुणी नाही. चिखलात बुटांच्या ओळखीच्या खुणा पाहून त्याचा चेहरा उतरला. तो ममतच्या दारात आला.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "तुमचा बुझियान येतो बरं का. दारं धरून जातो. त्याच्या बुटांच्या खुणा पाहिल्या मी."

ते बूट तिनेच घातले होते. त्यांची माती अजून वाळलीही नव्हती. तरीही ममत धडपडत उठली. "कुठं पाहिल्या, भावजी? कुठं?" असे विचारत ती अनवाणी वाफ्याकडे धावली.

त्या दिवसापासून मलाही भीती वाटू लागली. दांड्यावर ममतचा हात असे, आणि त्याच्या खाली, पात्याजवळ, आणखी एक उतावळी पकड जाणवे. मी लाकूड आणि लोखंड. मला भास व्हायचे काही कारण नाही. लोक त्या बांधावरून जाईनासे झाले. ममत तिथे रोज भाकरी ठेवू लागली. ती कुत्री खात असतील. मी तरी तसेच समजतो.

सगळ्यांची पिके निघाली. डोंगर बोडका झाला आणि थंड धुके उतरू लागले.

"आता कापू," मिमून म्हणाला.

"अजून पिकलं नाही. बघा ना, हिरवं आहे."

"तू हिरवं ठेवलंयस, ममत! मला काय दिसत नाही होय? हद्दूचं पाणी तोडतेस, पिकाची माती करतेस. असं करून पोरगा येणार आहे का?"

ओरडता ओरडता त्याचा आवाज फाटला. ममत वाफ्यात गेली आणि तिने एक टपोरे फूल बोटांनी उकलले. आत करडी बुरशी होती. तिने दुसरे उकलले, मग तिसरे. नको तेव्हा पाणी पिऊन फुले आतून कुजली होती. ती चिखलातच बसली. "मीच मारलं," ती म्हणाली, आणि मला तिच्याकडे बघवेना.

संध्याकाळी तिने बूट धुऊन ठेवले आणि विळ्याला धार लावली. "तुमचं खरं होतं," ती नवऱ्याला म्हणाली. "उद्या कापते."

पहाटे मला कुणीतरी उचलले. हात मोठा, खरखरीत, ओळखीचा होता. मला वाटले, मिमून बांध सपाट करायला निघाला. पण तो बुझियानच्या वाफ्यात उतरला, त्याने पाट फोडला आणि पाणी आत घेतले. ज्याने दारे धरावीत असे अख्खे गाव म्हणे, त्याला त्या दिवशी दार नीट फोडताही आले नाही. जन्मात माझ्याशी न बोललेला तो माणूस माझ्या दांड्यावर कपाळ टेकून म्हणाला, "ये रे, बाळा. अजून थोडं थांबवून ठेवतो मी. ये."

ममत विळा घेऊन आली तोवर पाणी बुंध्यांशी पोहोचले होते. तिने पाण्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे.

"कापायचं ना?"

"उद्या," तो म्हणाला.

तिने विळा बांधावर ठेवला आणि त्याच्या शेजारी पाण्यात उभी राहिली.

तो वाफा अजून कापलेला नाही. फुले काळी पडून गळाली, नुसते देठ उभे आहेत. त्यांना पाणी मिळते, कधी तिच्या हातून, कधी त्याच्या. हद्दू आता भांडत नाही. आपल्या पाळीतले थोडे पाणी तो आपणहून या वाफ्यासाठी सोडून देतो.

मित्रांनो, काम झाले की पाते धुवा, आम्हाला उन्हापावसात टाकू नका, असे फावड्याने सांगायचे असते. ते विसरलात तरी मी रागावणार नाही. एवढे मात्र ऐका. शेजारच्या गावी निघा नाहीतर समुद्रापलीकडे, पोहोचल्याबरोबर घरी कळवा. कंटाळा करू नका. "पोचलो," इतकेच म्हणा. तुम्ही म्हणाल आणि विसरून जाल. इकडे कुणीतरी ते ऐकून विळा उचलेल, पीक कापेल आणि दोन घास जेवेल.