पक्षाची हातगाडी

मित्रांनो, समोरच्या भिंतीच्या सावलीत तीन चाकांवर कलून उभी आहे ना, ती जुनी हातगाडी म्हणजे मी. दुपारी मला डुलकी लागते, आणि त्या डुलकीत गेलेले दिवस हळूच माझ्या फळ्यांवर येऊन बसतात.

एका सुताराने मला जुन्या खोक्यांच्या लाकडातून घडवले. भाजीवाल्या मावशींनी मला विकत घेतले आणि चढावरच्या वस्तीच्या तोंडाशी उभे केले. मावशींच्या जिभेला हाड नव्हते, पण मापात कधी खोट नसायची. वस्तीत नळ नव्हता. बायका खालच्या रस्त्यावरून हंडे भरून चढ चढत, आणि माझ्यापाशी थांबून श्वास घेत.

समोरच्या चाळीत निवृत्त सैनिक राहत. त्यांना कोणी विचारत नसे आणि वस्तीलाही कोणी विचारत नसे. म्हणून दोघांनी मिळून एक पक्ष काढला. पक्ष एवढा लहान, की त्याची सगळी सभा माझ्याभोवती मावायची. त्यांच्या म्होरक्याला सारे मेजर म्हणत. खरे तर ते सैन्यात आचारी होते. ते सभेला निघाले की त्यांची बायको दारातून म्हणायची, "जन्मभर लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या, आता वस्तीच्या भाजा."

मेजर मला रोज पुसत, चाकांना तेल घालत. मला फार आवडायचे ते. चहा आला की आधी वस्तीला, मग सैनिकांना, आणि उरला तर मेजरांना. "आधी पंगत, मग आचारी," हा त्यांचा नियम, आणि तोच पक्षाचाही झाला.

निवडणूक आली. मावशी उभ्या राहिल्या. वचन एकच, वस्तीत नळ. संध्याकाळी त्या माझ्यावर चढून बोलत, तेव्हा खालची माणसे सोनेरी धुळीत तरंगत असल्यासारखी दिसत, आणि मलाही जमिनीपासून जरा वर उचलल्यासारखे वाटे.

मतदानाच्या दिवशी मी थकलेल्या म्हाताऱ्यांना केंद्रापर्यंत नेले. इस्त्रीचे कोट घातलेले सैनिक रांगेच्या कडेला उभे राहून सर्वांना वाट करून देत होते. हमाल, मोलकरणी, झाडूवाले, सगळे पुढे गेले.

"मेजर, तुमचं मत?" मावशींनी विचारले.

"होईल हो. आधी पंगत उठू दे."

पंगत उठली आणि फाटकही बंद झाले. सगळे सैनिक बाहेरच राहिले होते. निकाल लागला. मावशी हरल्या, त्याही इतक्या थोड्या मतांनी, की फाटक बंद झाले तेव्हा तेवढी माणसे माझ्याशेजारीच उभी होती. मेजरांनी माझ्या दांड्यावर हात ठेवला. मला रडू आले असते, पण लाकडाला ते जमत नाही.

मावशी चिडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "आता बायकांच्या डोक्यावरचा हंडा कोण उतरवणार?"

"आम्ही," मेजर म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून माझ्यावर पाण्याची पिंपे चढली. म्हातारे सैनिक आळीपाळीने मला चढावर ढकलत. पिंपातले पाणी डुचमळायचे, आणि मला वाटायचे, मी होडीच झाले आहे. त्या ओझ्याने माझे एक चाक गेले. तरी ते माझे सर्वांत सुखाचे दिवस होते.

पुढची निवडणूक आली, तेव्हा वस्तीतल्या बायका केंद्राबाहेर फतकल मारून बसल्या. एकही आत जाईना.

"चला, उशीर होतोय. आम्ही मागून येतो," मेजर म्हणाले.

"आज आचाऱ्यांनी आधी बसायचं," मावशी म्हणाल्या. "हा पक्षाचा हुकूम आहे."

मेजर क्षणभर घुटमळले. मग पहिल्यांदा शाळेत जाणाऱ्या मुलासारखे, मागे वळून बघत आत गेले. त्यांच्यामागून सगळे सैनिक गेले आणि मग सारी वस्ती.

मावशी जिंकल्या. वस्तीत नळ आला. पहिली धार पडली, तेव्हा सगळे तिकडे धावले. मेजर मात्र त्या दिवशीही सर्वांच्या शेवटी पाणी प्यायले, तिथे कोणाचा हुकूम चालला नाही. त्यानंतर मला कोणी ढकलले नाही, कारण आता गरजच उरली नाही.

मित्रांनो, मला तेल घाला, चाक बसवा, असे मी म्हणणार नाही. मेजर आता नाहीत. चढावरचा तो नळ मात्र कधीकधी कोणी उघडाच टाकून जाते, आणि त्याचा आवाज मला इथे झोपेत ऐकू येतो. तेवढा बंद करत जा.