म्हसोबापाशी ठेवलेल्या चकत्या

धनश्री वाचनालयात आली तेव्हा मी वर्तमानपत्रं काठ्यांना लावत होतो. सिरसाळ्याच्या आमच्या वाचनालयात बायका सहसा येत नाहीत, पुरुषही फारसे येत नाहीत. ती दारातच थांबली. मागे एक शेळी होती आणि तिचा दोर धनश्रीनं मनगटाला गुंडाळला होता.

"काका, तुमी एवढी पुस्तकं वाचता. असा एखादा नियम न्हाई का, की गाडी पळवायला शेळी इकावी लागू नये?"

तिचा नवरा सोमनाथ. घर मेंढरा-शेळ्यांवर चालणारं. नवीन हायवे झाल्यापासून जुन्या रस्त्याचा एक सरळ तुकडा माळावर तसाच पडून आहे. हिवाळ्यात आसपासची पोरं तिथं मोटारसायकली पळवतात. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, रुमाल पडला की सुटायचं आणि लिंबाच्या झाडापाशी आधी कोण पोचतो ते बघायचं. सुरुवातीला दुधाचे कॅन वाहणाऱ्या साध्या शंभर सीसीच्या गाड्याच पळायच्या. मग तेलगावच्या अमरसिंहानं पुण्याहून मोठा कार्बोरेटर बसवून आणला, इंजिन कोरून घेतलं. त्याच्या वडिलांची जमीन मोठी, राजकारणात वजन. त्याचं बघून बाकीच्यांनीही कशाकशावर पाणी सोडून गाडीवर खर्च केला आणि तरी हरले. सोमनाथनं त्यापायी शेळ्या विकल्या होत्या.

"राहिल्यात त्या माझ्या माहेरच्या," धनश्री म्हणाली. "त्या बी ह्या साली जातील. त्याला मी पळू नको म्हणत न्हाई. पळल्याबिगर त्यो राहतच न्हाई."

मी बघतो म्हणालो. मला साधी सायकलही धड येत नाही, मी काय बघणार होतो? पण ती गेल्यावर वाचनात लक्ष लागेना. शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, बैलांचे दात बघून जोड्या लावतात, हे आठवत राहिलं. आदत, म्हणजे दुधाच्या दातांच्या, खोंडासमोर पुऱ्या दातांचा बैल कुणी उभा करत नाही, मालक कितीही मोठा असो. गाडीला दात कुठले, म्हणून मी तो विचार सोडून दिला. मग पुन्हा धरला. जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यात कधीतरी वाचलेलं सापडलं. काही शर्यतींत म्हणे इंजिनाच्या तोंडाशी भोकाची चकती बसवतात. भोकातून जाईल तेवढीच हवा. मग मागे कार्बोरेटर केवढाही लावा, उपयोग नाही.

आपल्याला कळलंय ते चुकीचं असणार, असं धरूनच मी पप्पू मिस्त्रीकडे गेलो. त्यानं हात पुसत ऐकून घेतलं.

"म्हणजे नरड्यालाच हात घालायचा," तो म्हणाला.

"जमेल का?"

"जमंल की. पण काका, पोरं लई शिव्या देतील तुमाला."

शिव्या दिल्याच. पण हळूहळू सगळ्यांच्या घरून कुणी ना कुणी पप्पूकडे येऊन, चकती बसवच, असं सांगून गेलं आणि शिव्या कमी झाल्या. परळीच्या एका लेथवर एकाच पितळी दांड्यातून चकत्या कापून घेतल्या. एका चकतीला चहा-भज्याएवढा खर्च आला. लेथवाल्यानं भोकात बरोब्बर बसेल अशी एक सळईही दिली. सळई अडखळली तर भोक बारीक, ढिली गेली तर मोठं.

मग चकत्या ठेवायच्या कुणाकडे, यावरून वाद झाला. पप्पू सोमनाथचा दोस्त. चकतीची युक्ती माझी, म्हणून माझ्यावरही भरवसा नाही, आणि ते मला पटलंही. शेवटी कुणीतरी म्हणालं, म्हसोबापाशी ठेवा. सोमनाथच्या शेताच्या बांधावर म्हसोबा आहे. तिथल्या वस्तूला तेलगावचा काय, सिरसाळ्याचा काय, कुणी हात लावत नाही. मी सगळ्यांदेखत प्रत्येक भोकात सळई घालून बघितली आणि चकत्यांची चळत देवापुढं ठेवली.

शर्यतीच्या सकाळी चकत्या आणल्या तेव्हा प्रत्येकीवर शेंदराचं बोट उठलेलं होतं. सोमनाथची आई साखराबाई म्हसोबाला शेंदूर लावायला गेली होती. देवापाशी ठेवलेली वस्तू कोरडी कशी ठेवायची, म्हणून तिनं एकेका चकतीला बोट टेकवलं होतं. पोरांनी चकत्या कपाळाला लावल्या. सळई माझ्या खिशातच होती. पुन्हा मोजाव्यात का, असं मनात आलं. पण म्हसोबाकडून आलेली वस्तू मोजायची म्हणजे म्हसोबावर संशय घेतल्यासारखं दिसलं असतं. मी खिशातला हात बाहेर काढला.

चकत्या घागरीत टाकल्या आणि वर फडकं धरलं. ज्याच्या हाताला जी लागेल ती त्याची, दिवसभर तीच. अमरसिंहानं हात घातला, चकती काढली आणि माझ्याकडे वळला.

"काका, यंदा तुमच्या चकतीवर पळतो. समद्यांच्या पुढं सांगतो. पण कुठं काय लफडं निघालं, तर पुढच्या साली ज्याला जे लावायचं ते लावू द्यायचं. मंजूर?"

मी मान हलवली. रस्त्याकडेच्या बाभळीखाली धनश्री शेळ्या घेऊन बसली होती. तिनंही ते ऐकलं.

शर्यती सुरू झाल्या आणि मला एका जागी बसवेना. निकाल मी सांगायचा होता, म्हणून लिंबाखाली माझ्यासाठी खुर्ची ठेवली होती. मी उठून रस्त्यावर जायचो, कुणी ओरडलं की परत यायचो. गाड्या इतक्या जवळजवळ येत होत्या की आधी कोण आलं ते सांगताना जीभ अडखळायची. मागच्या साली पहिल्या फेरीतच घरी गेलेली पोरं या वेळी शेवटपर्यंत थांबली. हरलेला हसत होता, जिंकणाऱ्याला धाप लागत होती. हे सगळं चकतीमुळं होतंय की माझ्या डोळ्यांचा दोष आहे, हे मला ठरवता येईना.

शेवटच्या जोडीत सोमनाथ आणि अमरसिंह उरले.

"काय बे, मेंढरं राखायची सोडून आलास?" अमरसिंह म्हणाला.

"तुला बी त्यांच्यातच घालावं म्हणलं," सोमनाथ म्हणाला आणि त्यानं गाडीला किक मारली.

रुमाल पडला. दोघांचा आवाज एकच येत होता. लिंबापाशी सोमनाथचं पुढचं चाक आधी आलं. एका चाकाएवढंच अंतर, पण माझ्या नजरेतूनही सुटणार नाही असं. पोरांनी त्याला उचललं. धनश्री उभी राहिली आणि पुन्हा खाली बसली.

शेवटच्या दोन्ही गाड्यांच्या चकत्या उघडून बघायच्या, असा नियमच होता. पप्पूनं त्या काढून माझ्या हातात दिल्या. गरम होत्या, मी उपरण्यात धरल्या. सोमनाथच्या चकतीत सळई जशी जायला हवी तशी गेली. अमरसिंहाच्या चकतीत ती अडली.

वाटलं, सळई तिरकी गेली. मी चकती फिरवून दुसऱ्या बाजूनं बघितलं. पुन्हा अडली. उजेडात धरली तेव्हा दिसलं. साखराबाईचं बोट या चकतीवर भोकाच्या अगदी कडेला पडलं होतं. शेंदूर तेलासकट आत ओघळला होता आणि सुकून कडक झाला होता. भोक चंद्रकोरीएवढं कमी झालं होतं. पोरगा सकाळपासून एवढ्याशा भोकावर पळाला होता आणि तरी शेवटच्या जोडीत आला होता.

माझ्यावाचून कुणी बघितलेलं नव्हतं. पप्पू पाना पुसत होता. बोललो तर अमरसिंहाचा शब्द सगळ्यांनी ऐकलेला होता. लफडं निघालं की पुढच्या साली सगळं मोकळं. बाभळीखालच्या शेळ्या मला इथूनही दिसत होत्या. आणि न बोललो तर, ज्या नियमासाठी मी एवढा जीव टाकला, त्याचा पहिलाच निकाल खोटा.

"झालं का काका?" अमरसिंहानं विचारलं.

मी "हो" म्हणायला तोंड उघडलं असणार. बाहेर आलं ते वेगळंच. "तुमचं भोक बारीक आहे. शेंदूर गेलाय आत."

अमरसिंहानं चकती घेतली, एक डोळा मिटून तिच्यातून लिंबाकडे बघितलं.

"खरडतो की लगेच," पप्पू म्हणाला आणि त्यानं पेचकस काढला.

"हात लावू नको," मागून साखराबाई म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली ते कळलं नव्हतं. "म्हसोबाचा शेंदूर हाय त्यो. नखानं बी उकरायचा न्हाई."

पप्पूनं पेचकस परत ठेवला. तेलगावच्या पोरांपैकीही कुणी पुढं आलं नाही. अमरसिंह चकती हातात धरून उभा होता. टाकताही येईना, ठेवताही येईना, असं त्याचं झालं.

"अय मावशी, माझ्याच चकतीला कावून एवढा लावलास?" तो म्हणाला. त्यात राग किती होता ते मला कळलं नाही.

"मला काय ठावं कुणाची हाय ती. शेवटाला राहिली व्हती. बोटाला उरला तेवढा पुसला."

कुणीतरी फिसकन हसलं. सोमनाथ गाडीवरून उतरला.

"माझ्या बांधावरचा देव हाय," तो म्हणाला. "ती चकती मला द्या. माझी ह्याला लावा. पुन्हा पळू."

"सोमनाथ," धनश्री बाभळीखालून म्हणाली, एवढंच. त्यानं तिकडे बघितलं नाही.

पप्पूनं चकत्या बदलल्या. रुमाल पुन्हा पडला. या खेपेला मी खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून उभा होतो. अमरसिंहाचं चाक आधी आलं. तेवढ्याच अंतरानं. एका चाकानं.

सगळे माझ्याकडे बघत होते. कोण जिंकलं ते मी सांगायचं होतं. फेटा आणि नारळ माझ्या खुर्चीवर ठेवलेले होते.

"शेंदूरवाली चकती ज्याच्याकडे, तो हरला," मी म्हणालो. "दोन्ही वेळा सारखंच. मला यातून दुसरं काही काढता येत नाही." माझा आवाज पुढच्या ओळीलाही गेला नसावा. पप्पूनं ते मोठ्यानं सांगितलं.

अमरसिंह हेल्मेट काढून गाडीवर बसून राहिला. कपाळावरचा घाम त्यानं पुसला नाही.

"इतक्या जवळ अजून कुणी आलं न्हवतं," तो सोमनाथला म्हणाला. "पुण्याचा कार्बोरेटर लावल्यापासून मी बाजूला कुणाला बघितलंच न्हाई कधी. आज दोन बारी बघावं लागलं."

"मग काय करतोस? सोडतोस का समदं मोकळं?"

"मोकळं सोडलं तर तू येशील का बे?"

सोमनाथनं बाभळीकडे बघितलं. मग म्हणाला, "न्हाई येणार."

"मग कुणाला हरवू? लिंबाला?" अमरसिंह उठला. "फेटा राहू द्या काका. पुढच्या साली ठरवू. चकत्याच लावून. पण त्या देवापाशी ठेवायच्या न्हाईत."

"मग कुठं?" पप्पूनं विचारलं.

"वाचनालयात ठेवा. तिथं कुणी जात न्हाई."

सगळे हसले. मीही हसलो असेन. धनश्रीनं दोर सोडवले आणि शेळ्या घेऊन ती उताराला लागली. सोमनाथ गाडी ढकलत तिच्या मागून गेला.

चकत्या आता माझ्या कपाटात आहेत. फेटाही तिथंच आहे. शेंदराची चकती साखराबाई म्हसोबापाशी परत घेऊन गेली, तिच्याऐवजी नवी कापून आणली. कपाटाची किल्ली माझ्याकडे एकच आहे. तरी वर्तमानपत्रं लावून झाली की मला राहवत नाही. मी कुलूप काढतो, एकेका भोकात सळई घालून बघतो आणि पुन्हा लावतो. कधी एखादी जरा ढिली वाटते, कधी जरा घट्ट. दुसऱ्या दिवशी तसं वाटत नाही.

परवा धनश्री शेळ्या घेऊन दारावरून जात होती. एकीला करडू झालंय, ते तिच्या काखेत होतं. ती थांबली.

"काका, अजून बघतायच का?"

"खात्री नको का?" मी म्हणालो.

"बघा, बघा," ती म्हणाली आणि करडू दुसऱ्या काखेत घेऊन पुढं गेली. मी हातातली चकती पुन्हा उजेडात धरली.