पेडल कोणी दाबलं

दुसऱ्याच्या घरात शिरायचं, तो असेल तिथे त्याला खिळवून ठेवायचं, त्याची कपाटं उघडून बघायची, वाटलं तर दोन वस्तू बदलायच्या आणि निघून यायचं. चोवीस वर्षं मी हेच करते आणि त्याचा मला पगार मिळतो. घर म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, कपाटं म्हणजे त्याची मेमरी, आणि मला आत सोडणारा तो डिबगर. प्रोग्रॅमला यातलं काही कळत नाही. मी सोडलं की तो पुढचं पाऊल टाकतो, मध्ये कोणी येऊन गेलं हेही त्याच्या गावी नसतं. तरुणपणी मला या कामाचा फार तोरा होता.

आमची कंपनी ताइचुंग शहरात जुन्या प्रेसना नवे कंट्रोल बॉक्स बसवून देते. गिऱ्हाइकं बहुतेक नवरा-बायको. तळमजल्यावर दोन-तीन प्रेस, वरच्या मजल्यावर संसार. असल्या कारखान्याच्या मालकाला आमच्याकडे थाउके म्हणतात आणि मालकिणीला थाउकेन्यू, मग कारखान्यात राबणारे तेच दोघं का असेनात.

वंग चिन-फा हा असाच एक थाउके. तो आणि त्याची बायको पाओ-चू मिळून सायकलच्या घंटीच्या टोप्या ठोकायचे. ती डाव्या हाताने पत्र्याची चकती डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर, ठेवायची, तो पायाने पेडल दाबायचा, प्रेसचा ठोका खाली येऊन वर जायचा, ती उजव्या हाताने तयार टोपी काढून घ्यायची. सव्वीस वर्षं असंच. तिचा हात बाहेर आला की नाही हे तो बघायचासुद्धा नाही. रेडिओवर भाजीचे भाव ऐकत बसायचा, पायाचं पाय बघून घ्यायचा.

मार्चमधल्या एका गुरुवारी दुपारी तिचा उजवा हात आत असताना ठोका खाली आला. चार बोटं गेली.

चिन-फाने लाल बटण मारून प्रेस थांबवली, पण कंट्रोल बॉक्सची वीज चालूच ठेवली. पुठ्ठ्यावर 'हात लावू नये' असं लिहून चिकटवलं आणि मला फोन केला. मी पोचले तोवर नऊ दिवस झाले होते, कारण आमचा मॅनेजर श्यू मला पाठवायलाच तयार नव्हता.

"ती माझ्याशी बोलत नाही," चिन-फा म्हणाला. दाढी वाढलेली, अंगात दोन दिवसांपूर्वीचा शर्ट. "अँब्युलन्समध्ये एकदाच बोलली. 'आ-फा, तू घाई केलीस.' झालं. मी भरवायला गेलो की तोंड मिटून घेते. बहिणीच्या हातून खाते."

"तुम्ही दाबलं होतं का पेडल, थाउके?"

"नाही." मग म्हणाला, "नसावं. अहो इंजिनियरबाई, दिवसाला सहा हजार वेळा दाबतो मी. त्यातलं एक दाबलं की नाही, कसं सांगू? तुमच्या डब्यालाच विचारा. त्याला सगळं आठवतं म्हणाला होतात ना?"

डब्यावर हिरव्या पाकिटातले नारळाचे कुरकुरे ठेवलेले होते. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून आम्ही सगळेच ठेवतो, माझ्या टेबलावरही आहेत. पाकिटाची तारीख उलटली की यंत्र रुसतं म्हणतात. चिन-फाने पाकीट फिरवून मला तारीख दाखवली. जूनची होती. "तेही बघून झालं माझं," तो म्हणाला.

मी लॅपटॉप जोडला आणि डिबगर आत सोडला. एरवी आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे प्रोग्रॅमला थांबवणं. हा आधीच थांबलेला होता. आमच्या बॉक्समध्ये प्रोग्रॅम अडखळला तर मरत नाही, होता तसा उभा राहतो, आणि वीज आहे तोवर त्याची मेमरी जशीच्या तशी राहते. म्हणजे गुरुवारची ती दुपार अजून आत होती. मी तो कुठे उभा आहे ते बघितलं. त्या जागी एकच बाइट होता, म्हणजे मेमरीतलं एक अक्षर. सीसी.

तो बाइट मी ओळखत होते, कारण तो माझाच होता.

सांगते. चालू प्रोग्रॅम एका ठरावीक जागी थांबवायचा असेल तर डिबगर तिथला खरा बाइट उचलून स्वतःच्या खिशात ठेवतो आणि त्या जागी हा सीसी लिहितो. सीसीचा अर्थ एवढाच, 'थांब आणि मालकाला हाक मार.' काम झालं की खरा बाइट परत जागेवर. पण यात एक लबाडी आहे. खूण घातलेली असताना तुम्ही त्याच डिबगरला विचारलंत की तिथे काय आहे, तर तो खिशातला खरा बाइट दाखवतो. काहीच हललेलं नाही, सगळं जागच्या जागी आहे, असं. स्वतः केलेली खाडाखोड तो स्वतःच्या धन्यालाही दाखवत नाही.

सहा आठवड्यांपूर्वी मी याच डब्यासाठी आले होते, कारण उन्हाळ्यात मोटार तापली की त्याचा टोप्या मोजणारा आकडा चुकायचा. मूळ प्रोग्रॅम ज्याने लिहिला तो इंजिनियर सगळं घेऊन कधीच नोकरी सोडून गेला होता, म्हणून मी चालू मेमरीतच दुरुस्ती केली. मोटार तापल्यावर जो तुकडा चालतो तिथे खूण घातली, सेन्सरवर पाओ-चूचा केस वाळवायचा ड्रायर धरला आणि चूक पकडली. ती मागे उभी राहून बघत होती. मी तिला मजा दाखवली. मेमरीत टोप्यांच्या आकड्याची जागा शोधली आणि तिथे अठ्ठ्याऐंशी हजार आठशे अठ्ठ्याऐंशी लिहिलं. डब्याच्या पडद्यावर तेच उमटलं.

"अगं बाई! न ठोकताच?" पाओ-चू म्हणाली. "मग या मेल्याला कशाला पोसतेय मी? आ-फा, ऊठ तिथून. ही बाई बसल्या जागी करते सगळं."

"जेवण पण लिहून देते का विचार," चिन-फा म्हणाला.

"तुला लिहिलेलंच घालायला पाहिजे, म्हणजे पोट तरी आत जाईल."

तिने आम्हाला शेवयांच्या सुपासाठी वर हाक मारली. दुरुस्त झालेल्या मेमरीची नक्कल काढून ती डब्याच्या कार्डावर कायमची लिहायची तेवढी बाकी होती. नियम असा की आधी खुणा काढायच्या, मग डिबगर बाहेर घ्यायचा, मग दुसऱ्या साधनाने नक्कल. सूप निवत होतं. मी डिबगरमधून एकदा नजर टाकली, सगळं स्वच्छ दिसलं, आणि दुसऱ्या साधनाने नक्कल काढून मोकळी झाले. त्या साधनाला खिसा नाही. जे होतं ते त्याने उचललं, सीसीसकट. दोन घास आधी मिळावेत म्हणून.

थंडीत मोटार तापली नाही. मार्चमधल्या त्या गुरुवारी तापली. हवेची झडप उघडून ठोका खाली सोडलेला, तो वर येताना झडप मिटायची, इतक्यात प्रोग्रॅम त्या तुकड्यात शिरला, सीसीवर थांबला आणि मालकाला हाक मारत राहिला. मालक, म्हणजे मी, वीस किलोमीटरवर ऑफिसात होते. प्रेसचं चाक फिरतच असतं, झडप उघडी असेल तोवर ते ठोक्याला वरखाली नेत राहतं. झडप उघडीच राहिली, म्हणून ठोका वर जाऊन आपोआप दुसऱ्यांदा खाली आला. आज डिबगर नव्याने आत गेला होता, त्याला जुनी लबाडी ठाऊक नव्हती, म्हणून त्याने सीसी उघडा दाखवला.

मी पेडलची जागा वाचली. शून्य. ठोका दुसऱ्यांदा निघाला तेव्हा प्रोग्रॅम उभा होता, पेडलकडे बघायला आत कोणी नव्हतंच.

"थाउके," मी म्हणाले, "चूक माझी आहे." आणि सगळं सांगितलं. पडद्यावर बोट ठेवून सांगितलं.

त्याने ऐकून घेतलं. मला वाटलं आता हा मला मारेल, आणि मारावं असंही वाटलं. तो म्हणाला, "म्हणजे मी दाबलं नाही?"

"दाबलं असतं तरी काही झालं नसतं. प्रेस तुमचं ऐकतच नव्हती."

"ते नाही विचारत. मी दाबलं का?"

"प्रोग्रॅम थांबल्यानंतरचं डब्याला माहीत नाही," मी म्हणाले. खोटं बोलायला हवं होतं.

श्यूचा फोन आला. मी त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "फंगताई, पेडलच्या जागी शून्य आहे ना? तिथे एक लिहा. एकच आकडा. आणि त्या सीसीच्या जागी काय असायला हवं ते तुम्हाला पाठ आहेच. मग फोटो काढा, प्लग काढा, या."

"हे मी लिहिणार नाही."

"चोवीस वर्षं लोकांच्या मेमरीत लिहिताय. आजच सोवळं सुचलं?"

मी फोन ठेवला. पडद्याचे फोटो काढले, पानं छापून घेतली आणि चिन-फाला घेऊन हॉस्पिटलात गेले.

पाओ-चू उशीला टेकून बसली होती, हाताचं एवढं मोठं गाठोडं. बहीण पेरू चिरत होती. चिन-फा दारातच उभा राहिला. मी पानं पुढे केली आणि सांगितलं की त्याने काही केलेलं नाही, प्रेस माझ्या चुकीने दुसऱ्यांदा खाली आली, हा बघा तो बाइट, हे बघा पेडलचं शून्य.

तिने पानं नीट बघितली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"फंगताई, तुम्ही चांगल्या आहात," ती म्हणाली. "याने पाय धरले ना तुमचे?"

"नाही हो. खरंच माझी चूक आहे."

"चूक माझी, असं कोणी कधी आपणहून सांगायला येतं का? नोकरी जाईल तुमची. कशाला याच्यासाठी?" तिने डाव्या हाताने पान उलटं करून पांघरुणावर ठेवलं. "आणि त्या डब्यात तुम्ही म्हणाल ते दिसतं. एक टोपी न ठोकता अठ्ठ्याऐंशी हजार दाखवले होतेत मला. आज शून्य दाखवताय."

वाचायची वाट आणि लिहायची वाट एकच आहे. मी तिथे काही लिहिलं नाही हे सांगायला माझ्या शब्दाखेरीज काही नव्हतं, आणि माझा शब्द म्हणजे त्याच्यावर केलेली दया, असं तिने धरलं होतं.

"मला बोटं परत नकोत," ती मला म्हणाली, त्याच्याकडे न बघता. "याने एकदा तोंडाने सांगावं. एवढंच. सव्वीस वर्षं हात घातला याच्या भरवशावर. सांगायलाही जड जातं?"

चिन-फा आत आला. पलंगाच्या दांडीला धरून म्हणाला, "दाबलं मी. टोप्यांची एक ऑर्डर पुरी करायची होती. घाई झाली."

"थाउके!" मी म्हणाले.

"बाई, तुम्ही नका बोलू मध्ये."

पाओ-चूने डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने तिने बहिणीच्या हातातली पेरूची ताटली त्याच्याकडे द्यायला सांगितली. त्याने एक फोड उचलली. नवव्या दिवशी तिने त्याच्या हातून खाल्लं. मी पानं गोळा करून बाहेर आले.

जिन्यात मी त्याला गाठलं. "खोटं का सांगितलंत?"

"खोटं कुठे?" तो म्हणाला. "नऊ दिवस तीच दुपार बघतोय मी. पहिल्या दिवशी पाय वर होता. चौथ्या दिवशी कळेना. आता दर वेळी खालीच जातो. पेडलची स्प्रिंग तळव्याला लागते, तीपण आठवते मला."

"तुम्ही दाबलं नाहीत. मी सांगते ना."

"तुम्हीच तर ठाऊक नाही म्हणालात."

आम्ही परत आलो तोवर श्यूची माणसं येऊन डबा काढून घेऊन गेली होती. पुठ्ठा जमिनीवर पडला होता. मी कामगार खात्याला सगळं लिहून कळवलं. तिथला तपासनीस सज्जन होता. त्याने दोनदा बोलावून ऐकून घेतलं आणि विचारलं की हे वाचताना तुम्ही काही लिहिलं नाही हे कसं दाखवाल, आणि मूळ डबा कुठे आहे. अहवालात 'पेडल चुकून दाबलं गेलं' असं आलं. खाली थाउकेची सही होती. कंपनीने मला काढलंही नाही. श्यू म्हणाला, "अनुभवी माणूस कुठे मिळतो हल्ली."

जुलैत नवा डबा बसवायला मीच गेले. खुणा काढल्या, डिबगर बाहेर घेतला, मग नक्कल काढली आणि बाइट न् बाइट तीन वेळा पडताळला. पाओ-चू खाली आली होती. तिने पेडल ओढून आपल्या खुर्चीखाली घेतलं. चिन-फा तिच्या जुन्या जागेवर बसला. त्याला चकती सरळ ठेवता येत नव्हती.

"हात काढला?" तिने विचारलं.

"काढला," तो म्हणाला.

तिने वाकून त्याचे दोन्ही हात बघितले आणि मग पाय दाबला. ठोका खाली आला, वर गेला. त्याने टोपी काढली, दुसरी चकती ठेवली.

"काढला?"

"काढला."

मी अवजारं पेटीत भरत होते, तोवर हे चाळीसेक वेळा झालं असेल. एकदाही नुसत्या त्याच्या शब्दावर, हात न बघता, तिने पाय दाबला नाही.