कडेला पेन्सिलीनं

आधीच सांगून टाकते. निसारची चूक न्हाय. माझी हाय.

आमची रुचिता गेल्या दिवाळीच्या तोंडावर पुण्यात डेंग्यूनं गेली. चार दिवसांचा ताप आणि सव्वीस वर्षांची पोरगी. तिच्या खोलीत राहणाऱ्या आदितीनं सामान भरून कोल्हापूरला पाठवलं. त्यातलं एक खोकं नुसतं पुस्तकांचं. कुणी एक इटलीचा लेखक, त्याची सात जाडजूड इंग्रजी पुस्तकं, सगळी पुराणकथांची. एकात ग्रीकांचे देव, एकात आपल्याकडचे, एकात नुसते यज्ञच यज्ञ. त्यांनी पोरीला येड लावलतं. सुट्टीला आली की जेवतानापण तेच.

आमचे हे, तात्यासो, गणिताचे मास्तर, आता रिटायर. पोरगी त्यांच्या मागं लागायची, "पप्पा, वाचा की एकदा."

"सात हायत गं. पहिलं कुठलं?"

"पहिलं असं न्हाईच. कुठनंपण शिरा."

हे ह्यांना पटायचं न्हाय. आमच्या जैनांच्यात ग्रंथ वाचायचा म्हंजे मंगलाचरणापासनं. मधनंच उघडायचा न्हाय, आणि एकदा धरला की पुरा करायचा, असा ह्यांचा नेम. "ज्याला सुरवात न्हाय ते पुस्तक कसलं?" म्हणून टाळायचे. शेवटच्या सुट्टीत ती म्हणाली, "बरं, मीच काढून देते तुम्हाला रस्ता." हे हसले. मी म्हटलं, आधी जेवा, भाकरी गार व्हायल्यात.

ती गेल्यावर खोकं माळ्यावर टाकलं, ते तिथंच. कुणाला उघडायची ताकद हुती? वर टाकी झिरपते, खोकं भिजलं, तेबी कळलं न्हाय.

मग एप्रिलात एक दिवस हे चहा पिता पिता म्हणाले, "राजमती, येत्या श्रुतपंचमीला रुचीची पुस्तकं सुरू करणार."

श्रुतपंचमी म्हंजे आमच्यात ग्रंथांचा सण. घरातले ग्रंथ खाली काढायचे, झाडायचे, उसवलेले शिवायचे, नवीन कापडाच्या वेष्टनात गुंडाळून पूजा करायची. तेवढ्या दिवसात सुरवात कुठनं करायची ते ठरवायला ह्यांनी सगळं गाव पालथं घातलं. कॉलेजचे इंग्रजीचे सर म्हणाले, आपल्या देवांचं आधी घ्या. पुस्तकवाला म्हणाला, सगळ्यात बारीक असंल ते घ्या. पुतण्या सम्मेदनं मोबाईलवर बघून सालवार यादी दिली. तिघांची तीन तोंडं. हे कागदावर एक ते सात आकडे मांडायचे, खोडायचे, परत मांडायचे.

मला आग लागायची. पोरगी गेली आणि हा माणूस अनुक्रम लावत बसलाय! पण खरं सांगू? तेवढ्यावरच ते जगत होते. सकाळी दाढी करायला लागले, भाकरी मागून घ्यायला लागले. पोरीनं सांगितलेलं एक काम राहिलंय, ते करायचंय, एवढाच काय तो आधार. तेवढं एक नीट पार पडू दे, असं मी रोज बस्तीत, आमच्या देवळात, हात जोडून म्हणायची.

म्हणून तर मी खोकं खाली काढलं. बघते तर पुठ्ठे सुटलेले, कडा पाण्यानं फुगून काळ्या पडलेल्या. अशी पुस्तकं चौरंगावर मांडायची? ह्यांना न सांगता रिक्षात घातली आणि लक्ष्मीपुरीत निसारकडं नेली. निसार बाइंडिंगवाला. बस्तीतले ग्रंथपण वीस वर्सं तोच शिवतो, हात धुवून मगच शिवतो.

त्यानं पुस्तकं उलटीपालटी केली. "वैनी, तिन्ही बाजूनं बोटभर कापावं लागंल. पण कडंला पेन्सिलीनं लिवलंय की कायतरी. मराठी दिसतंय. बघा एकदा."

त्यानं पुस्तक माझ्यापुढं धरलं. तिरपं अक्षर, डोक्यावर रेघ न दिलेलं. लहानपणी त्या रेघेपायी किती धपाटे खाल्लते तिनं माझ्या हातचे. मी पुस्तक मिटलं. बघवंना, काय करू?

आणि मला रडू आलं की माझ्या तोंडातनं रागच बाहेर पडतो. "पुस्तकात रेघोट्या मारायची खोडच हुती तिला. काप की!"

"साहेबांना एक फोन करू का?"

"का? घरात माझं काय चालत न्हाय व्हय? काप म्हटलं की काप, डोस्कं खाऊ नको!"

त्यानं पुस्तकं मागं ठेवली.

पंचमीला चौरंगावर सात पुस्तकं मांडली. नवीन पुठ्ठे, केशरी वेष्टनं, कडा सुरीसारख्या सरळ. ह्यांनी हात फिरवला. "झकास काम केलंस की गं," म्हणाले. तेवढ्यात आदितीचा फोन आला. ह्यांनी स्पीकर लावला.

"काका, आज श्रुतपंचमी ना? रुची नेहमी सांगायची. पुस्तकं उघडलीत का? कुठून सुरुवात करायची ते तिनं समासात लिहिलंय. महिनोन्महिने लिहीत होती, तुमच्यासाठीच. एका खुणेत पुढच्या खुणेचा पत्ता आहे, या पुस्तकातून त्या पुस्तकात. पप्पांना रस्ता काढून देतेय, म्हणायची."

मी आरतीचं ताट उचललं हुतं, ते तसंच हातात ऱ्हायलं.

ह्यांनी पहिलं पुस्तक उघडलं. उजव्या पानावर, छपाईला चिकटून, पेन्सिलीनं 'पप्पा,' एवढंच. पुढं कागदच न्हाय. डाव्या पानांवर उलटं, नुसती शेपटं राहिलेली. '...थांबा', '...हसू येईल', '...मम्मीलापण सांगा'. काय सांगायचं हुतं मला? काय हुतं गं बाई?

ह्यांनी सातीच्या सात पुस्तकं उघडली, सगळीकडं तेच. मग निसारला फोन लावला. "कात्रणं कुठं हायत?"

"पोतं सोमवारीच गेलं साहेब. पुठ्ठ्याच्या कारखान्यात. लगदा झाला असंल."

"पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं न्हाय तुला? डोळे फुटलेते?"

स्पीकर चालूच हुता. मी ताट धरून उभी. आता हा माझं नाव घेणार.

"चुकलं साहेब," तो म्हणाला. "ध्यानात आलं न्हाय."

ह्यांनी फोन ठेवला. "परका माणूस," म्हणाले. "त्याला काय त्याचं? घरच्या माणसानं कापलं असतं का?"

मी ताट खाली ठेवलं. "मीच काप म्हटलं. तो विचारत हुता. तुम्हाला फोन करतो म्हणत हुता. मी अंगावर गेले त्याच्या. मला तिचं अक्षर बघवलं न्हाय वो."

ओरडले असते तर बरं झालं असतं. दोन ठेवून दिल्या असत्या तरी चाललं असतं. ते नुसते बघत राहिले, मी कोण हाय ते आठवत असल्यागत. मग त्यांनी पुस्तक माझ्यापुढं सरकवलं.

"वाच."

"नको वो."

"वाच. मला दिसंना झालंय."

मी पहिल्यांदा तिच्या अक्षराकडं नीट बघितलं. "पप्पा," मी वाचलं.

"हं," हे म्हणाले.

पान उलटलं. "पप्पा."

"हं."

पुढचं पान. "पप्पा."

सातवं पुस्तक संपेपतोर मी वाचत हुते, आणि ते दर वेळी ओ देत हुते.